प्रॉपर्टीत गुंतवणुकीचा धंदा करताय? मग मिशन स्टेटमेंट असं लिहा

दोघातिघांनी पैसे जमवून फ्लॅट, गाळे घ्यायचे, भाड्याने द्यायचे नाहीतर भाव आला की विकायचे, असं पुण्या-नाशकात बरेच जण करतात. पण मिशन स्टेटमेंट (धंदा कशासाठी आणि कसा करणार हे सांगणारी दोनचार वाक्यं) म्हटलं की 'ग्राहकांचा विश्वास हीच आमची संपत्ती' टाइप वाक्य कार्डावर छापून मोकळे होतात. ते वाक्य मिठाईच्या दुकानावर लावलं तरी चालेल, म्हणजे त्यात तुमचं असं काहीच नाही ना.

आधी पार्टनर लोकांनी बसून ठरवा, भाडं खायचंय की विकून नफा काढायचाय, कारण एकाला दर महिन्याला पैसे हवेत आणि दुसरा दहा वर्षं थांबायला तयार असला की पुढे भांडण ठरलेलंच. मग एरिया ठरवा. 'महाराष्ट्रभर' नको, जिथली सोसायटी, पाणी, रस्ता तुम्ही स्वतः जाऊन बघू शकता तेवढाच लिहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, काय करणार नाही ते लिहा. सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजा तपासून वकील देतो तो) हातात आल्याशिवाय टोकन नाही. नवीन प्रोजेक्ट असेल तर महारेरा नंबर (राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडचा प्रोजेक्टचा नोंदणी क्रमांक) बघितल्याशिवाय बुकिंग नाही, आणि अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर व्हायच्या आधी १० टक्क्यांच्या वर पैसे नाहीत (बिल्डरला त्याहून जास्त घ्यायची रेरा म्हणजे रिअल इस्टेट कायद्याच्या कलम १३ नुसार परवानगीच नाही, तरी मागतात). ओळखीपाळखीतून लोकांचे पैसे घेणार असाल तर 'गॅरंटीड रिटर्न' हा शब्द मिशनमध्येच काय, व्हॉट्सअ‍ॅपवर पण लिहू नका, २०१९ पासून अनियंत्रित ठेव योजनांवर (नियामकाच्या देखरेखीशिवाय लोकांकडून ठेवी घेणाऱ्या) बंदी आणणारा केंद्राचा कायदा आहे, त्यामुळे आधी वकिलाला विचारा.

आणि भाडेकरू! त्याच्याबद्दल कुणी एक ओळ लिहीत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, भाडं तर त्याच्याच खिशातून येतं. डिपॉझिट कधी परत देणार ते लिहा, जात, धर्म, खाणंपिणं विचारून घर नाकारणार नाही हे पण लिहा.

सगळं मिळून साधारण असं होईल: 'आम्ही पिंपरी-चिंचवडमध्ये ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळालेले छोटे फ्लॅट घेतो, दुरुस्त करतो आणि रजिस्टर केलेल्या लिव्ह अँड लायसन्सवर नोकरदार कुटुंबांना भाड्याने देतो. कागद साफ नसतील तर स्वस्त मिळालं तरी घेत नाही. घर सोडलं की सात दिवसांत डिपॉझिट परत.'

एवढं झालं की ब्रोकरने नुकतीच आणलेली एखादी डील समोर ठेवून हे वाचा, घ्यायची की सोडायची हे त्यातून कळत नसेल तर परत लिहा. पक्कं झालं की सगळ्यांच्या सह्या घ्या. उद्या नवीन पार्टनर आला तर आकड्यांचं बोलायच्या आधी त्याला हे वाचायला द्या, आणि डिपॉझिटची ओळ त्याला खटकली तर पुढचं बोलूच नका.