इंजिनातली काजळी घरच्या घरी कशी काढावी

बेळगावच्या टिळकवाडीतून कॅम्पात, कॅम्पातून खडे बाजारात, तिथून परत घरी. दिवसाला पाच-सहा किलोमीटर, तेही गर्दीतून. अशा गाडीचं इंजिन पुरतं तापतच नाही, आणि न तापलेल्या इंजिनात पेट्रोल धड जळत नाही. अर्धवट जळलेलं इंधन आणि ऑइलची वाफ मिळून जी काळी खपली धरते, तिला आपण सरसकट ‘कार्बन’ म्हणतो. पण तो बसलाय कुठे हे न बघता दुकानातून बाटली आणून टाकीत ओतली, तर पैसे जातात आणि काजळी जागच्या जागी राहते.

साध्या पेट्रोल गाडीत, म्हणजे ज्यात इंजेक्टर व्हॉल्व्हच्या मागे मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) पेट्रोल फवारतो, काजळी मुख्यतः थ्रॉटल बॉडीत (आत जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या भागात) आणि पिस्टनच्या डोक्यावर धरते. इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलनेच धुतले जातात. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोल गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं. व्हॉल्व्हच्या पाठीला त्याचा थेंब लागत नाही, म्हणून तिथे थर साचतो. डिझेलमध्ये दुखणं ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) आणि इनटेक मॅनिफोल्डचं. आपली गाडी यातली कुठली, हे मालकाच्या पुस्तकात (ओनर्स मॅन्युअलमध्ये) बघून घ्या.

आधी तपासणी

सिग्नलला गाडी थरथरते, एसी लावला की बंद पडायला येते, आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनाचे मिनिटाचे फेरे) कधी ६०० तर कधी १,००० असं हिंदकळतं: संशय थ्रॉटलवर. चोर्ला घाटात वरच्या गिअरमध्ये दाबल्यावर टकटक आवाज येतो: पिस्टनवर थर असू शकतो. थराने कॉम्प्रेशन वाढतं आणि त्याचे तापलेले कण ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतात. डिझेल गाडी पिकअप घेत नाही आणि काळा धूर टाकते: ईजीआर बघा.

ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड दाखवणारं यंत्र) असेल तर कोड वाचा. पी०५०६ म्हणजे आयडलिंग कमी, पी०३०० म्हणजे मिसिंग (सिलिंडरमध्ये मिश्रण मधूनमधून न पेटणं), पी०४०१ म्हणजे ईजीआरमधून वाहणारा धूर कमी. पी०१७१ आला तर थांबा. तो मिश्रणात हवा जास्त असल्याचा कोड आहे, आणि बऱ्याचदा कारण काजळी नसून फाटलेला हवेचा पाइप असतो.

सगळ्यांत खरा साक्षीदार स्पार्क प्लग. तो काढण्याआधी खळग्यात हवा मारा. खानापूर-जांबोटीकडे फिरणाऱ्या गाडीच्या प्लगच्या खळग्यात तांबडी माती हमखास असते आणि प्लग काढला की ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. टोक फिकट तपकिरी असेल तर आतलं जळण व्यवस्थित चाललंय. कोरडं काळं, बोटाला काजळासारखं लागणारं, म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय किंवा गाडी फार कमी अंतर चालते. ओलं, चकचकीत, तेलकट काळं असेल तर ऑइल वर येतंय. तिथे सफाईने महिनाभर बरं वाटेल, पण दुखणं पिस्टनच्या रिंगांचं किंवा व्हॉल्व्ह सीलचं आहे.

थ्रॉटल बॉडी: अर्ध्या दिवसाचं काम

दहापैकी सात-आठ वेळा एवढ्यानेच काम भागतं, म्हणून सुरुवात इथून. थ्रॉटल क्लीनरचा एक स्प्रे, १० मिमीचा गोटी पाना, अॅलनचा सेट, जुना मऊ टूथब्रश, लोंबत्या दशा नसलेलं सुती फडकं, रबरी हातमोजे आणि चष्मा. गाडी अंगणात किंवा उघड्या शेडमध्ये लावा. बंद गॅरेजमध्ये या स्प्रेच्या वाफेने डोकं गरगरतं आणि ठिणगीला निमित्त मिळतं. इंजिन थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून दहा मिनिटं जाऊ द्या.

एअर फिल्टरपासून निघणारा जाड रबरी पाइप क्लॅम्प सैल करून काढा. समोर जी गोल पितळी किंवा रुपेरी चकती दिसते तीच थ्रॉटलची झडप. तिची कड आणि भोवतालची भिंत जिथे टेकतात तिथे काळी कडी दिसेल. आयडलिंगला हवा याच केसभर फटीतून जाते, आणि काजळी नेमकी तीच फट बुजवते. गाडीचा संगणक मग झडप जरा जास्त उघडून तूट भरतो. काजळी वाढत जाते, तो झडप उघडत जातो, आणि एक दिवस त्याची मर्यादा संपते. हे लक्षात ठेवा, सफाईनंतर उपयोगी पडेल.

जमत असेल तर बॉडी सोडवूनच काढा: सहसा तीन किंवा चार बोल्ट आणि एक वायरीचा कनेक्टर. काही गाड्यांत तिला कूलंटचे दोन बारीक पाइप जोडलेले असतात. तसं असेल तर जागेवरच साफ करा, नाहीतर कूलंट भरण्याचं आणि हवा काढण्याचं काम वाढतं. स्प्रे थेट झडपेवर न मारता फडक्यावर आणि ब्रशवर मारा, मग कडी पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने हलवायची तर अगदी हळू, कुठेही जोर न लावता. आत प्लास्टिकचे दातेरी गिअर असतात आणि एक दात तुटला की पूर्ण बॉडी बदलावी लागते. किल्ली चालू असताना झडपेत बोट घालू नका, मोटर बोट चिरडते. मोटर आणि सेन्सरची बाजू वर धरा, म्हणजे द्रव तिकडे उतरणार नाही. पॉलिश पेपर आणि स्क्रू ड्रायव्हर दूर ठेवा. काही कंपन्या भिंतीवर काळपट लेप देतात. तो काजळी समजून खरवडला तर झडप कधीच नीट टेकत नाही.

गॅस्केट चपटं झालं असेल तर नवं घाला. बोल्ट आडवे-तिरपे, थोडे थोडे आवळा. सहा मिमीच्या बोल्टला ८ ते १० न्यूटन मीटर पुरे. मॅनिफोल्ड प्लास्टिकचा असतो, हात जड झाला की आटे जातात.

सुरू केल्यावर रेस १,२०० ते १,५०० वर चढेल. घाबरायचं कारण नाही. संगणकाने झडप किती उघडायची हे काजळीच्या हिशोबाने शिकलेलं असतं आणि आता फट मोकळी आहे. बऱ्याच गाड्यांत एवढं पुरतं: किल्ली चालू करून ३० सेकंद थांबा, अॅक्सिलरेटरला पाय न लावता इंजिन सुरू करा, रेडिएटरचा पंखा एकदा फिरून थांबेपर्यंत चालू ठेवा, मग पाच मिनिटं एसी लावून ठेवा. आयडलिंग साधारण ७०० ते ८५० च्या दरम्यान यायला हवं. काही गाड्यांना हे स्कॅनरनेच शिकवावं लागतं. तेवढ्यापुरतं मेस्त्रीकडे जा. सूं-सूं आवाज येत असेल तर मात्र पाइप नीट बसलेला नाही.

हात काळे झालेच आहेत तर पीसीव्ही व्हॉल्व्हही (ऑइलची वाफ परत इनटेकमध्ये सोडणारी झडप) काढून बघा. कानाजवळ हलवला की खुळखुळला पाहिजे. मुका असेल तर बदला, स्वस्त असतो. मास एअर सेन्सरला (आत जाणारी हवा मोजणाऱ्या) थ्रॉटलचा स्प्रे लावू नका. त्याचा वेगळा क्लीनर येतो आणि त्या बारीक तारेला ब्रशसुद्धा लावायचा नसतो.

पिस्टनवरचा थर: गरज असेल तरच

ऑइल खाणाऱ्या किंवा घाटात टकटकणाऱ्या, साध्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीसाठी ही रीत आहे. नीट चालणाऱ्या इंजिनात उगीच हात घालू नये.

आधी एक हिशोब. १,२०० सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर ३०० सीसीचा. कॉम्प्रेशन ११ असेल (म्हणजे ३३० मिलीचं ३० मिलीत दाबलं जातं) तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा फक्त ३० मिली. औषधाच्या बाटलीबरोबर येणारी १५ मिलीची दोन टोपणं. द्रव दाबला जात नाही. तेवढं आत राहिलं आणि प्लग लावून स्टार्टर मारला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आत घातलेलं बाहेर आलं याची खात्री झाल्याशिवाय प्लग परत लावायचे नाहीत.

इंजिन तापवा आणि हात लावता येईल इतकं निवेपर्यंत, म्हणजे तासभर थांबा. कढत अॅल्युमिनियम हेडमधून प्लग काढला तर आटे ओढले जातात. इंधन पंपाचा फ्यूज, इग्निशन कॉइलचे आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढा, मग सगळे प्लग. प्रत्येक भोकात लांब प्लास्टिकची नळी उभी धरा, सपाट जागेवर गाडी पाचव्या गिअरमध्ये ठेवून हळू ढकला. चारही नळ्या एका उंचीला आल्या की पिस्टन मधोमध आले. नळ्या काढून गाडी न्यूट्रलला आणा आणि हँडब्रेक लावा. तीन सिलिंडरच्या गाडीत तिन्ही पिस्टन कधीच एका पातळीला येत नाहीत. तिथे कुठलाही अगदी तळाशी नाही एवढं बघा.

पिस्टन सोकसाठी (पिस्टन भिजत ठेवण्यासाठी) चालणारा क्लीनर प्रत्येक सिलिंडरमध्ये ३० मिली, सिरिंजने मोजून. भोकांवर फडकं टाकून चार तास किंवा रात्रभर ठेवा. मग सिरिंजला बारीक नळी लावून उरलेलं ओढून घ्या. बऱ्याचदा थोडंच हाती लागतं, बाकीचं रिंगांवरून ऑइलमध्ये उतरलेलं असतं. भोकांवर जाड टॉवेल टाका, तोंड बाजूला ठेवा आणि पाच सेकंदांचा स्टार्टर तीनदा द्या. काळं पाणी जोरात उडतं. कॉइलचा एखादा कनेक्टर चुकून लागलेला राहिला तर त्या वाफेला ठिणगी मिळते, म्हणून स्टार्टर देण्याआधी ते पुन्हा मोजा.

यानंतर इंजिन सुरू न करता आधी ऑइल आणि फिल्टर बदला. क्लीनर मिसळलेलं ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगवर थर धरत नाही. वीस-तीस रुपयांची नळी जपून आणणारे लोक नेमकं इथे ‘पुढच्या सर्व्हिसला बघू’ म्हणतात. प्लग लावताना १४ मिमी आट्यांना २५ न्यूटन मीटर, १२ मिमी आट्यांना १५ ते २०. टॉर्क पाना नसेल तर नवा वॉशरवाला प्लग हाताने टेकल्यावर अर्धा फेरा. तोच जुना परत लावत असाल तर फेऱ्याचा बारावा भाग पुरे. सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटं पांढरा धूर येतो. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

डिझेल

ईजीआर थंड इंजिनवर काढा. आतली काजळी ओल्या डांबरासारखी असते: सायलेन्सरकडून आलेला धूर आणि इंजिनातून आलेली ऑइलची वाफ एकत्र थिजलेली. लाकडी चमच्याने मोठे गोळे काढा, उरलेल्यावर कार्ब क्लीनर मारून ब्रशने घासा. विजेची मोटर भिजवू नका, ती बाजू वर ठेवूनच काम करा. झडप पूर्ण बंद होते का बघा आणि गॅस्केट नवंच घाला. जुन्यातून धूर गळतो आणि बॉनेटखाली काळे शिंतोडे दिसतात.

चालू डिझेल इंजिनच्या हवेच्या तोंडात कुठलाही स्प्रे मारू नका. तो स्प्रेच इंधन बनतो, रेस आपोआप चढत जाते आणि किल्ली काढली तरी इंजिन थांबत नाही. बीएस ६ डिझेलच्या डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीचा) दिवा लागला तर घरी काहीच उघडायचं नसतं. हायवेवर हत्तरगी टोलनाक्याच्या दिशेने १५-२० मिनिटं, २,००० आरपीएमच्या वर, न थांबता चालवा. बहुतेक वेळा दिवा विझतो.

जे घरी करू नये

तापल्या इंजिनात पाणी सोडणं, टाकीत रॉकेल घालणं, टर्बो गाडीत हवेच्या पाइपमधून फोम सोडणं. टर्बोत सुटलेले खपल्यांचे तुकडे टर्बाइनच्या पात्यांवर आदळतात. डायरेक्ट इंजेक्शन गाडीचे व्हॉल्व्ह टाकीत घालायच्या औषधाने साफ होत नाहीत. तिथे मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीचा मारा करतात, ते काम गॅरेजचंच. साध्या गाडीला औषध घालायचंच तर पॉलीइथरअमीन असलेलं घ्या, भरलेल्या टाकीत, बाटलीवर लिहिलेल्या मापाने, ऑइल बदलायच्या थोडं आधी. ‘हायड्रोजन सफाई’वर पैसे खर्च करण्याआधी प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून आधीचा आणि नंतरचा फोटो मागा.

निघालेलं काळं पाणी आणि जुनं ऑइल कॅनमध्ये भरून जुनं ऑइल घेणाऱ्याकडे द्या. बेळगावात अजून बऱ्याच घरांत विहिरी आहेत, परसात ओतलेलं तिथेच झिरपतं.

५०० किलोमीटरनंतर एक प्लग पुन्हा काढून बघा. तपकिरी झाला असेल तर काम झालं. परत ओला काळा दिसला, तर दुसरी बाटली आणू नका, मेस्त्रीकडून कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या.