पहिली इबेजी घ्यायच्या आधीची तयारी

जुनी आफ्रिकन लाकडी मूर्ती घ्यायचं मनात असेल तर आधी एकच समाज आणि एकच प्रकार धरा, डोगॉन, बाउले, फांग, सोंग्ये सगळं एकदम बघायला गेलात तर नजर कधीच तयार होत नाही. मी तरी नायजेरियातल्या योरुबा लोकांच्या इबेजीच, म्हणजे जुळ्यांसाठी कोरलेल्या छोट्या लाकडी मूर्ती सुचवेन. योरुबांमध्ये जुळी होण्याचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त असलेल्यांपैकी आहे, त्यामुळे या मूर्ती खूप कोरल्या गेल्या, उंची साधारण वीतभर, आणि तुलना करायला म्यूझियममध्ये भरपूर आहेत. जुळ्यांतलं एक मूल गेलं की त्याच्यासाठी मूर्ती कोरून घ्यायची, मग आई तिला न्हाऊ घालते, भरवते, मणी-कपडे घालते. हे आधी नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी पारख यावरच आहे.

म्हणजे कशी, तर चेहरा वर्षानुवर्षं धुतला आणि भरवला गेला की नाक, ओठ, गालावरच्या कुळाच्या रेघा गुळगुळीत होतात, पण केसांच्या खाचांत निळा रंग टिकून राहतो. आधी तो इंडिगोचा असायचा, नंतर कपड्यांना घालायची रेकिट्सची नीळ वापरायला लागले, आपल्या घरी असायची तशीच. अंगाला कॅमवूड नावाच्या लाकडाची लाल भुकटी चोळायचे, ती काखेत आणि पायांच्या मध्ये घट्ट बसलेली सापडते. म्हणून बघायला जाताना छोटा टॉर्च आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग बरोबर हवंच. झीज जिथे हात पोचतो तिथे हवी, खोलात नको. सगळीकडे सारखीच झिजलेली, सारखीच तपकिरी, तळालासुद्धा पॉलिश केलेली दिसली की खाली ठेवा. नाकाशी धरून वासही घ्या, बूटपॉलिश किंवा ताज्या धुराचा वास लगेच कळतो. आणि जड काळं चकचकीत लाकूड म्हणजे जुनं असं अजिबात नाही, तसल्या बहुतेक मूर्ती टुरिस्टसाठीच बनतात.

आबेओकुटा, ओयो, इग्बोमिना या योरुबा भागांतल्या मूर्तींच्या केशरचना आणि चेहरे वेगवेगळे असतात, ते ब्रिटिश म्यूझियमच्या ऑनलाइन संग्रहात फुकटात बघता येतं. न्यूयॉर्कला असाल तर मेट म्हणजे मेट्रोपॉलिटन म्यूझियमचं रॉकफेलर विंग (आफ्रिकन कलेचा विभाग तिथेच आहे) २०२५ मध्ये परत उघडलंय, तिथे जाऊन निवांत उभे राहा.

आता कागदपत्रं, आणि इथे मी अजिबात ढील देणार नाही. वस्तू नायजेरियातून कधी आणि कोणी बाहेर आणली हे डीलरला सरळ विचारा, सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा आहे, त्याआधीचा फोटो, पावती, लिलावाचा कॅटलॉग काहीतरी मागा. ‘जुन्या युरोपियन कलेक्शनमधली’ एवढं तोंडी उत्तर म्हणजे काहीच उत्तर नाही. काही वस्तू तर कागद असले तरी घेऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. नायजेरियातल्या प्राचीन नॉक संस्कृतीच्या टेराकोटा, म्हणजे भाजलेल्या मातीच्या मूर्ती, आयकॉम या म्यूझियमांच्या जागतिक संघटनेच्या २००० सालच्या रेड लिस्टमध्ये, म्हणजे चोरी-लुटीचा धोका असलेल्या वस्तूंच्या यादीत आहेत. केनियाच्या किनाऱ्यावरच्या मिजिकेंडा लोकांचे विगांगो, म्हणजे गेलेल्या माणसांसाठी रोवलेले लाकडी खांब, हे लोकांच्या घराजवळून चोरीला गेले, डेन्व्हरच्या म्यूझियमने ३० परत दिलेत. नैरोबी-मोंबासाला आपली बरीच मंडळी आहेत म्हणून मुद्दाम सांगतेय, स्वस्तात समोर आला तरी हात लावू नका. हस्तिदंत किंवा बिबट्याचं कातडं लागलेलं काही असेल तर तेही सोडा, साइटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कायद्यात अडकाल.

लिलावात घेणार असाल तर बोलीवर बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलाव कंपनीचं वरचं शुल्क लागतं, बऱ्याच ठिकाणी पाव हिस्सा किंवा जास्त, वर पाठवणीचा खर्च, ते धरूनच आकडा ठरवा. कंडिशन रिपोर्ट मागा, पाय चिकटवलेत का ते विचारा.

घरी आणल्यावर धुऊ नका, तेल लावू नका, ती लाल-निळी भुकटीच तर तिचा इतिहास आहे. बारीक भोकांतून ताजा भुसा पडत असेल, म्हणजे आत लाकूड खाणारी कीड असेल, तर प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून सील करा, उणे १८ च्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पूर्ण नॉर्मल तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही. मणी किंवा कातडं असेल तर मात्र फ्रीझरआधी कॉन्झर्वेटरला, म्हणजे जुन्या वस्तू जपणाऱ्या तज्ज्ञाला विचारा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात बंद कपाटात सिलिका जेल ठेवा आणि दर आठवड्याला तळाखाली भुसा दिसतो का बघत जा.