वेटेज 50 टक्के, फरक शून्य

चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कारखान्यात मी पहिल्यांदा स्कोअरिंग केलं, म्हणजे कुठला प्रकल्प आधी घ्यायचा ते गुण देऊन ठरवलं. ती शीट आजही उघडली की पोटात खड्डा पडतो. निकष कसे काढायचे, प्रत्येक निकषाच्या वेटेजने (टक्क्यांत दिलेल्या वजनाने) गुण गुणायचे कसे, हे तुम्हाला येत असणारच. मी कुठे अडकलो तेवढंच सांगतो.

गोदामात बारकोड आधी की सेल्सच्या लोकांना मोबाइल अ‍ॅप आधी, एवढाच खरा वाद होता. निकष तीन: धंद्याच्या दिशेशी मेळ 50 टक्के, पैशांचा फायदा 30, राबवायला सोपं 20. गुण 1 ते 5. मेळात दोघांनाही 4, कारण आपल्या मागणीला त्याहून कमी कोणताच खातेप्रमुख देत नाही. फायद्यात बारकोड 4, अ‍ॅप 3. सोपेपणात बारकोड 1, अ‍ॅप 5. बेरीज केली तर बारकोड 3.4, अ‍ॅप 3.9. एमडी साहेबांनी अ‍ॅपवर सही केली.

आता हेच आकडे पुन्हा, सावकाश बघा. मेळातून दोघांनाही 2 मिळाले, म्हणजे फरक शून्य. फायद्यात बारकोड 0.3 ने पुढे. सोपेपणात अ‍ॅप 0.8 ने पुढे. ज्याला निम्मं वजन दिलं त्याने काहीच ठरवलं नाही, आणि सगळ्यात हलक्या निकषाने निकाल लावला. निकषाचं खरं वजन त्यातले गुण किती पसरलेत यावर ठरतं. नुसत्या टक्क्यांवर नाही. मला हे कळलं तेव्हा अ‍ॅपवर ऑर्डरी येत होत्या आणि माल कुठल्या रॅकवर आहे ते गोदामात कुणाला सापडत नव्हतं.

म्हणून ‘सगळ्यात महत्त्वाचं काय?’ असं डायरेक्टरांना विचारूच नका. असं विचारा: समजा सगळेच निकष तळाला आहेत आणि एकच उचलून वर न्यायची मुभा आहे, कुठला उचलाल? त्याला 100 द्या, बाकीचे त्याच्या तुलनेत. त्याआधी प्रत्येक गुणाचा अर्थ लिहून काढा. फायद्यात 1 म्हणजे वर्षाला 10 लाखांच्या आत, 5 म्हणजे 2 कोटींच्या वर, असं रुपयांत. मग उगाच 4 देताना हात थबकतो.

कायद्याने करावंच लागतं ते या शीटमध्ये घेऊ नका. 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना जीएसटीचं ई-इन्व्हॉइस लागू झालं. अशा कामाला गुण कसले द्यायचे? त्याचा खर्च आधी बाजूला काढा, उरलेल्या पैशांसाठी स्कोअरिंग.

तयार टेम्पलेट डाउनलोड करून मीटिंगला जाणाऱ्यांचा मला राग येतो. ‘राइस’ची (रीच, इम्पॅक्ट, कॉन्फिडन्स, एफर्ट) पद्धत सॉफ्टवेअर प्रॉडक्टसाठी ठीक आहे, पण त्यातला ‘रीच’, म्हणजे किती लोकांपर्यंत पोहोचतं ते, कारखान्याच्या भट्टीला कसा लावणार? गणितज्ञ थॉमस साटी यांची निकषांच्या जोड्या लावून तुलना करण्याची पद्धत मला आवडते, पण 10 निकष घेतलेत तर 45 तुलना होतात, आणि विसाव्यालाच साहेब घड्याळ बघतात. निकष चार-पाचच ठेवा.

गुरू शोधायचा तर सर्टिफिकेटवाल्यापेक्षा अकाउंट्समधला जुना माणूस धरा. मागच्या प्रकल्पात कबूल केलेला फायदा प्रत्यक्षात किती आला, ते त्यालाच माहीत असतं. माझे डोळे अशाच एका काकांनी उघडले.

पहिली शीट चुकेल. घाबरू नका, मला तिसऱ्या खेपेला जमली. फक्त निकाल दाखवण्याआधी प्रत्येक वेटेज 10 ने वर-खाली करून बघा. पहिला नंबर हलला, तर ‘हे दोन जवळजवळ सारखेच आहेत’ असं स्पष्ट सांगा.

आणि साहेबांचा लाडका प्रकल्प खाली गेला म्हणून कुणी गुण बदलायला सांगितलं, तर बदलू नका. प्रकल्प वर घ्यायचा अधिकार त्यांचा आहे, त्यांनी तो खुशाल घ्यावा. शेजारच्या रकान्यात ‘संचालकांचा निर्णय’ लिहा, तारीख टाका, आणि गुण होते तसेच राहू द्या.