घरी गाडीचं काम करताय? आपल्या सोलापूरच्या उन्हात अंगावर टिकेल असं सेफ्टीचं सामान

एप्रिल-मेमधे आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो आणि मग गॅरेजमधलं पोरगं असू दे नाहीतर अंगणात स्वतःची गाडी खोलून बसलेला माणूस, सगळ्यात आधी काय काढून ठेवतो तर गॉगल आणि हातमोजे, कारण उकडतंय. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की सामान लै भारी घेऊ नका, दोन तास अंगावर ठेवता येईल असं घ्या आणि जड कामं सकाळी ऊन चढायच्या आत उरका.

पण सामानाच्या आधी जॅक. बूट, हेल्मेट काय वाट्टेल ते घाला, गाडी अंगावर बसली की त्यातलं काही कामाला येत नाही. जॅक फक्त उचलायला असतो, धरून ठेवायला घोड्या, म्हणजे गाडीखाली लावायचे लोखंडी स्टँड, लागतात, आणि गाडीसोबत मिळतो तो कात्री जॅक तर फक्त टायर बदलायला दिलेला असतो, त्याच्या भरवशावर खाली शिरायचंच नाही. हायड्रॉलिक जॅकचं सील कधी गळेल सांगता येत नाही. आता जमीन बघा. अंगणात शहाबादी फरशी असेल तर आधी ठोकून बघा, पोकळ आवाज आला म्हणजे खाली भर नाही, वजन आलं की तडकणार. काळी माती असेल तर जॅक आणि घोडी दोन्हीखाली जाड फळी पाहिजेच, आणि दुपारी तापलेल्या डांबरावर पण तेच, घोडीचे पाय आत रुततात. विटा नाहीतर सिमेंटचे ब्लॉक कधीच लावू नका, ते हळूहळू दबत नाहीत, एकदम फुटतात. अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो, म्हणजे तुम्ही मागची बाजू उचलली की हँडब्रेक असून नसल्यासारखा, तेव्हा पुढच्या चाकांना दोन्ही बाजूनं ओंडके लावा. घोड्यांवर गाडी ठेवली की बाहेर उभं राहून जोरात हलवून बघा, काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली सरकवून ठेवा, मगच आत जा.

डोळ्यांचं आता. खाली झोपून काम करताना गंज, वाळलेला चिखल, ऑइल सगळं सरळ डोळ्यातच पडतं. नंबरचा चष्मा चालत नाही, बाजूनं झाकलेला पॉलिकार्बोनेटचा गॉगल पाहिजे, हवा जायला भोकं असलेला, नाहीतर घामानं धुकं धरतं आणि तुम्ही तो काढूनच ठेवणार. जुन्या टॉवेलची पट्टी कपाळाला घट्ट बांधली की घाम खाली येत नाही, आणि टॉवेलला तर आपल्या गावात तोटा नाही. मात्र तोच टॉवेल किंवा नॅपकिन गळ्यात लोंबता ठेवून चालू इंजिनवर वाकू नका, बेल्टमधे गेला तर मान ओढली जाते. ओढणी, सैल बाह्या, गळ्यातली चेन, सगळं तसंच. ग्राइंडर चालवायचा असेल तर गॉगलवर अजून फेस शील्ड.

हातमोजे दोन प्रकारचे ठेवा. ऑइल, ग्रीस, ब्रेक फ्लुइडला नायट्राइलचे (एक प्रकारचं रबर), पातळ असतात, घामानं चिकटले की बदलायचे. गरम किंवा धारदार पत्र्याला चामड्याचे. पण ड्रिल चालू असताना कापडी किंवा चामड्याचे मोजे नको, मोजा गुंतला तर बोट पण जातं. आणि पेट्रोलनं हात धुवायची सवय सोडा हो, त्यात बेंझिन हे विषारी रसायन असतं, कातडीतून आत जातं. खायचं तेल चोळा मग साबण लावा, निघतं सगळं.

बॅटरी काढताना अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा, मायनसची वायर आधी काढायची आणि लावताना शेवटी लावायची. चार्ज होताना हायड्रोजन निघतो म्हणून जवळ बिडी-सिगारेट, काडी काही नको. इग्निशन बंद असलं तरी बऱ्याच गाड्यांत रेडिएटरचा फॅन अचानक सुरू होतो, हात घालायच्या आधी मायनस काढलेली बरी. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, आत दाबामुळं पाणी शंभर अंशाच्या वर असतं आणि झाकण सैल झालं की ते तोंडावर उडतं. वरचा पाइप हाताला थंड लागेपर्यंत थांबा, उन्हाळ्यात ह्याला जास्त वेळ लागतो.

नवीन डिझेल गाडीचा लीक बोटानं शोधू नका, कॉमन रेलमधे, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, हजार बारच्या वर दाब असतो, धार कातडी भेदून आत शिरते. बाहेर सुईएवढं भोक दिसतं, दुखत पण नाही फारसं, पण हात वाचवायचा तर लगेच ऑपरेशन लागतं, घरी बसून वाट बघायची नाही.

ब्रेकची धूळ हवेनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. बूट पायाच्या बोटांवर स्टीलची टोपी असलेले, आयएस १५२९८ चा आयएसआय मार्क बघून घ्या, चप्पल घालून तर नाहीच. शटर ओढून आत इंजिन चालू ठेवायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आगीसाठी एबीसी पावडरचा सिलिंडर हाताशी ठेवा, पेट्रोलच्या आगीवर पाणी मारायचं नसतं.

आणि पाणी. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही आणि दुपारी टाकीतलं पाणी हात भाजेल एवढं तापतं, म्हणून कामाला बसायच्या आधी दोन-तीन भरलेल्या बादल्या सावलीत ठेवा. ॲसिड डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून सलग १५-२० मिनिटं पाणी सोडा, सोडा-बिडा डोळ्यात घालू नका. भाजलं तर २० मिनिटं साधं गार पाणी, टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नको. मग १०८ ला फोन करा किंवा कुणाला तरी सोबत घेऊन सिव्हिल गाठा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका.