जुन्या भांड्यावरचं प्राण्याचं मुंडकं नेमकं कशाचं, ते कसं ओळखायचं

इंग्लंडमध्ये नांगरलेल्या शेतात नाहीतर थेम्सच्या काठच्या चिखलात कधी कधी अंगठ्याएवढं कुत्र्याचं किंवा ड्रॅगनचं धातूचं मुंडकं सापडतं, आणि मग सगळे हा प्राणी कुठला यावरच वाद घालत बसतात. माझं स्पष्ट मत आहे की प्राणी शेवटी बघा, आधी त्याची मान आणि पाठ बघा, कारण ते कुठल्या भांड्याला बसवलं होतं आणि काय काम करत होतं हे तिथेच कळतं.

पहिली गोष्ट, घासू नका. चिंच, लिंबू-मीठ, पितांबरी, काहीही लावायचं नाही. आपल्याला कळकलेलं भांडं लख्ख करायची सवय असते, पण इथे त्या हिरव्या थरातच मुलाम्याचे आणि डाखेचे (धातू जोडणाऱ्या सोल्डरचे) अंश अडकलेले असतात, ते गेले की पुरावाच गेला. सुटी माती मऊ ब्रशने झाडा, बास. फिकट हिरवी पावडर सुटत असेल तर क्लोराइडमुळे धातू खाल्ला जातोय, तेव्हा सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

मग भोक शोधा. मानेपासून उघड्या जबड्यापर्यंत आरपार भोक असेल तर ती बहुतेक तोटी आहे. 14व्या-15व्या शतकात युरोपात हात धुवायला एक टांगायचं ओतीव भांडं असायचं, गोल पोटाचं, दोन बाजूंना दोन तोट्या आणि तोट्यांच्या टोकाला प्राण्यांची तोंडं, वरच्या कडीच्या कानांवर बरेचदा माणसाचे चेहरे. भांडं एका बाजूला कलवलं की त्या जनावराच्या तोंडातून पाण्याची धार हातावर, खाली परात. आपल्या गोमुखासारखंच, फक्त घरातलं. हे भांडं वापरात कसं दिसायचं ते बघायचं असेल तर बेल्जियममधल्या गेंटची 1432ची प्रसिद्ध वेदीचित्रं (चर्चच्या वेदीवर लावायची चित्रं) झूम करून बघा, देवदूत मेरीकडे येतो त्या प्रसंगात मागच्या कोनाड्यात ते टांगलेलं आहे. न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स म्युझियममधल्या मेरोड वेदीचित्रातही आहे. मला तर मूळ प्रसंगापेक्षा तो कोनाडाच जास्त आवडतो!

भोक आरपार नाही पण मान आकड्यासारखी वळलीय, तर ते टांगत्या वाडग्याचं असू शकतं, हे जास्त जुनं, अँग्लो-सॅक्सन काळातलं, म्हणजे इंग्लंडच्या सुरुवातीच्या मध्ययुगातलं. पाठ किंचित खोलगट असते, वाडग्याच्या पोटाला चिकटून बसावी म्हणून, आणि तिथे डाखेचा करडा डाग सापडतो. आकड्यात कडी अडकायची, म्हणून आकड्याच्या आतल्या बाजूला घासल्याची खाच आहे का ते तिरप्या उजेडात भिंगाखाली बघाच. इंग्लंडच्या सफोक परगण्यात सटन हू इथे 1939 साली निघालेल्या, जहाजासकट केलेल्या दफनात असा एक मोठा वाडगा होता, त्याच्या तळाशी आत खुंटीवर उभा केलेला छोटा मासा आहे आणि तो चक्क गोल फिरवता येतो. पाणी भरल्यावर तो पोहतोय असं वाटत असणार. तो वाडगा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, लंडनला असाल तर जरूर बघा.

पंजा किंवा खूर असेल आणि वरच्या बाजूला तुटल्याची खडबडीत कड असेल तर तिपाई भांड्याचा पाय. छोटा कोंबडा, खाली दांडी आणि दांडीत आडवं भोक, तर तो पिंपाच्या नळाची चावी. आणि पाठीमागे एकसारख्या आट्यांचा स्क्रू दिसला तर मध्ययुगाचा विचार सोडा, ते बहुधा नंतरच्या फर्निचरचं आहे.

आता फोटो काढा, सगळ्या बाजूंनी, शेजारी पट्टी ठेवून, पाठीचा तर नक्कीच, आणि वजन व सापडल्याची नेमकी जागा लिहून ठेवा. जागा माहीत नसेल तर वस्तूचं निम्मं महत्त्व जातं.

कायद्याचं मात्र आधीच बघून घ्या. इंग्लंडमध्ये शेतात शोधायला मालकाची परवानगी लागते, थेम्सच्या काठावर पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीचं परमिट. साधी तांब्या-पितळेची वस्तू पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या (लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणारी योजना) स्थानिक अधिकाऱ्याला दाखवा, ट्रेझरमध्ये, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या मौल्यवान ठेव्यात, मोडत असेल तर 14 दिवसांत कळवणं बंधनकारक आहे. आणि आपल्याकडे शेतात असं काही लागलं तर 1878चा कायदा अजून चालू आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा जमिनीतला ठेवा कलेक्टरला कळवावा लागतो, म्हणून भंगारवाल्याकडे नेऊ नका.