काउबॉयचा शेरीफ व्हायचंय? (साल १८८०, अमेरिकेतली न्यू मेक्सिको टेरिटरी, म्हणजे अजून राज्य न झालेला प्रदेश)

पिस्तुलाची प्रॅक्टिस नंतर करा, आधी मतं गोळा करा. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शेरीफला (तिथला पोलीसप्रमुखच तो) निवडणूक लढवावी लागते राव. आणि काउबॉयच्या पगारात, म्हणजे महिन्याला तीसेक डॉलरमध्ये, प्रचार होत नाही, त्यामुळे ज्याची गुरं चोरीला जातायत असा एखादा बडा गुरंवाला गाठायचा. पुढे नावाजलेला शेरीफ पॅट गॅरेट, त्याने तेच केलं. टेक्सासात बायसनची शिकार करून झाली, मग फोर्ट समनरला येऊन गुरं राखली, दारूच्या गुत्त्यावरही काम केलं, आणि १८८० ला लिंकन काउंटीत उभा राहिला तेव्हा पाठीशी जॉन चिझम होता, म्हणजे पेकोस नदीकाठचा गुरांचा राजाच. स्पॅनिश बोलता आली पाहिजे, कारण तिथले बरेच मतदार स्पॅनिशवाले. गॅरेटची तर बायकोच त्यांच्यातली होती, अपोलिनारिया गुतिएरेझ.

नोव्हेंबरमध्ये जिंकलात तरी खुर्ची जानेवारीत मिळते, तोवर डेप्युटी, म्हणजे शेरीफचा हाताखालचा माणूस, म्हणून कामाला लागा. गॅरेटने बिली द किड या कुख्यात गुंडाला स्टिंकिंग स्प्रिंग्जला पकडलं ते डिसेंबरातच.

आता खरं काम सांगतो, करवसुली! हो, शेरीफच घोड्यावर बसून टॅक्स गोळा करत फिरायचा, पिक्चरमध्ये हे कुणी दाखवत नाही. गॅरेट असाच वसुलीला व्हाइट ओक्सला गेलेला आणि इकडे लिंकनला, जिथे फाशीची शिक्षा झालेला बिली कैदेत होता, २८ एप्रिल १८८१ ला काय झालं, तर एक डेप्युटी बाकीच्या कैद्यांना घेऊन समोरच्या हॉटेलात जेवायला गेला, बिलीजवळ दुसरा एकटाच, बिलीने दोघांनाही मारलं आणि पसार. म्हणून फाशीचा कैदी असेल तर जेवणाच्या वेळा आधी ठरवा, पहाऱ्यावर कायम दोघं पाहिजेत म्हणजे पाहिजेतच.

१४ जुलैला गॅरेटने बिलीला फोर्ट समनरला अंधाऱ्या खोलीत गोळी घातली. बक्षीस ५०० डॉलर जाहीर झालेलं, पण पैसे काही लगेच हातात पडले नाहीत, शेवटी १८८२ ला टेरिटरीच्या विधिमंडळाने मंजुरी दिली तेव्हा मिळाले. तेव्हा बक्षिसाच्या भरवशावर उधारी करू नका, सरकारी काम आहे.

आणि नाव झालं म्हणजे सीट पक्की असं अजिबात समजू नका, १८९० ला हाच गॅरेट शेजारच्या नव्या चावेस काउंटीत शेरीफसाठी उभा राहिला आणि पडला.