पुरात भिजलेल्या फंको पॉपचा क्रेटोस कसा केला

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आलं तेव्हा आमचं तळमजल्यावरचं कपाट पाण्यात गेलं, त्यात माझ्या तीन-चार फंको पॉप, म्हणजे मोठ्या डोक्याच्या छोट्या व्हिनाइलच्या बाहुल्या, होत्या. पुठ्ठ्याच्या खोक्यांचा लगदा झाला, आतल्या व्हिनाइलला काही झालं नाही, पण एकीवर गाळाचे असे डाग बसले की घासून घासून निघेनात. टाकवेना पण. शेवटी तिचा गॉड ऑफ वॉर या व्हिडिओ गेममधला योद्धा क्रेटोस करायचं ठरवलं, २००५ च्या पहिल्या गेममधला. कसा केला ते सांगतो, तुमच्याकडं कोपऱ्यात पडलेली कुठलीही जुनी पॉप असेल तरी चालतंय.

फिगर निवडताना रंग बघू नका, तो जाणारच आहे. उभं राहणं कसं आहे, केस किती आहेत, कपड्यांचे उठाव किती आहेत ते बघा, कारण जेवढे उठाव तेवढं कापणं आणि घासणं वाढतं. मार्व्हल आणि स्टार वॉर्सच्या पॉप शक्यतो नकोत, त्यांची मुंडकी आत स्प्रिंगवर असतात, ओढली की स्प्रिंग गेली.

मुंडकं काढायला कडकडीत गरम पाणी पातेल्यात घ्या आणि फिगर मानेपर्यंत दोन-तीन मिनिटं बुडवा, मग फडक्यात धरून हळूहळू पिळत ओढा. निघालं नाही तर परत गरम करा, जोर लावायचा नाही. याच पाण्यात हातसुद्धा वाकवता येतो, गरम असताना हवा तसा धरायचा आणि लगेच थंड पाण्यात घालायचा, तसाच राहतो. आतलं पाणी पूर्ण झटकून वाळवा.

मग भांड्याच्या साबणानं स्वच्छ धुवा. जुना रंग काढायला कापसाच्या काडीवर थोडं ॲसिटोन घ्या आणि पुसत जा, पण फिगर ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवू नका, व्हिनाइल मऊ पडतं. खिडकी उघडी हवी आणि जवळपास गॅस पेटलेला नको. नको असलेले केस, कॉलर वगैरे गरम करून कटरनं पातळ पातळ कापा, धार नेहमी आपल्यापासून लांब. त्यानंतर पॉलिश पेपर, आधी २२०, मग ४००, शेवटी ८०० नंबर पाण्यात भिजवून. ओलं घासलं की धूळ उडत नाही, तरी मास्क लावा.

आता पुट्टी. मी साधं एम-सील वापरलं, हार्डवेअरच्या दुकानात मिळतंय. दोन्ही भाग सारखे घ्यायचे आणि रंग पूर्ण एकजीव होईपर्यंत मळायचे, पट्टे दिसत असतील तर ते नीट घट्ट होत नाही. वेळ कमी मिळतो म्हणून हरभऱ्याएवढंच मळा. जिथं लावायचंय तिथं आधी खरवडून घ्या, बोट ओलं ठेवा. हनुवटीची छोटी दाढी, मनगटावरचे पट्टे, कमरेचं कापड एवढं पुट्टीनं होतं. मान बसते ती जागा मात्र मोकळी ठेवा. त्याची दोन पाती, ब्लेड्स ऑफ केऑस, जाड पुठ्ठ्यावर पुट्टी थापून केली आणि मनगटापासून पात्यापर्यंतच्या साखळीसाठी इमिटेशन ज्वेलरीच्या दुकानातून बारीक साखळी आणली, ती पुट्टीत कोरत बसण्यापेक्षा लाखपट चांगली दिसते. एक रात्र हात लावू नका.

प्रायमरला, म्हणजे रंगाआधीच्या थराला, माझं एकदा चुकलंय. दुसऱ्या एका फिगरवर मी साधा स्प्रे मारला होता, तो कितीतरी दिवस चिकटच राहिला. मऊ व्हिनाइलमध्ये प्लास्टिसायझर, म्हणजे ते मऊ ठेवणारं रसायन, असतं, त्यामुळं काही स्प्रे त्याच्यावर वाळतच नाहीत. ब्रशनं लावायचा ॲक्रिलिक प्रायमर किंवा जेसो घ्या, पातळ दोन हात द्या, आणि आधी तळपायावर टेस्ट करा.

रंगाआधी एक गोष्ट डोक्यात पक्की पाहिजे, क्रेटोस पांढरा का आहे. त्याच्या हातून त्याचीच बायको आणि मुलगी मारली गेली आणि शाप असा मिळाला की त्यांची राख कायम त्याच्या कातडीला चिकटून राहील. म्हणजे हा चुन्याचा पांढरा नाही, राखेचा आहे. पांढऱ्यात चिमूटभर काळा आणि त्याहून कमी तपकिरी घाला, ॲक्रिलिक दुधाएवढं पातळ करा, दोन-तीन हात द्या, प्रत्येक हात वाळू द्या. मग तपकिरी-काळ्याचं अगदी पाणीदार मिश्रण बरगड्यांच्या, बोटांच्या खाचांत सोडा आणि वरचं लगेच पुसा. चमक कुठंच नको.

लाल टॅटू आधी पेन्सिलनं काढा. तो त्याच्या डाव्या डोळ्यावरून जातो आणि डाव्या खांद्या-हातावर उतरतो, म्हणजे समोरून बघताना आपल्या उजवीकडं, इथं हमखास गडबड होते. उजव्या डोळ्यावर जुन्या जखमेचा व्रण. गेमचे पुढून-मागून स्क्रीनशॉट समोर ठेवूनच काढा.

चेहरा सगळ्यात शेवटी. आमच्या मागच्या गल्लीत गणपतीचा कारखाना आहे, लहानपणी श्रावणात मी तिथंच बसलेला असायचो. तिथले काका बाकी सगळा रंग झाल्यावरच आखणीला बसायचे, करंगळी मूर्तीवर टेकवून, श्वास धरून, एका दमात रेघ. मी तेच केलं. पॉपचे काळे गोल डोळे तसेच ठेवले, कारण राग डोळ्यांत नाही, भुवयांत आहे. भुवई नाकाकडं खाली झुकवा आणि आतलं टोक जाड ठेवा, एवढ्यानं चेहरा बदलतो. रेघ चुकली तर ओली असतानाच ओल्या काडीनं पुसा.

दोन दिवसांनी ब्रशनं मॅट वार्निशचे दोन पातळ हात द्या, पात्यांवर तेवढं ग्लॉस. पावसाळ्यात घाई नको, आपल्याकडच्या दमट हवेत प्रत्येक हात वाळायला जास्त वेळ घेतो. मुंडकं परत गरम करून बसवा, यावेळी हेअर ड्रायरनं, आणि फक्त मानेचं भोक तापवा, रंग नाही. उन्हात ठेवू नका. माझा क्रेटोस आता वरच्या मजल्यावरच्या कपाटात आहे.